जिन्याची कड: घसरण थांबवायची तर पट्टी कुठे आणि कशी बसवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातली तळमजला अधिक तीन मजल्यांची सोसायटी, लिफ्ट नाही, राहणाऱ्यांपैकी बरेचसे साठीच्या पुढचे. जिन्याला आधी कोटा दगड होता, मागच्या दुरुस्तीत तो काढून काळा पॉलिश ग्रॅनाइट बसवला. गेल्या पावसाळ्यात दोघं घसरले, त्यातल्या एका काकूंचं मनगट मोडलं. आता कमिटीपुढे तीन कोटेशनं आहेत: खडबडीत टेप, ॲल्युमिनियमची पट्टी, किंवा ग्रॅनाइटला मशीनने आणखी खाचा मारणं. सेक्रेटरी विचारतात, यातलं काय घ्यावं?

मी इमारत दुरुस्तीची कामं बघते आणि जिने हा त्यातला माझा जुना विषय. खाचांचं कोटेशन तुम्ही आजच बाजूला ठेवा. उरलेले दोन्ही उपाय आपापल्या जागी चालतील, पण दोन्ही कोटेशनांत पट्टी पायरीच्या पुढच्या काठापासून किती अंतरावर बसणार ते लिहिलेलं नाही. सगळं काम त्या अंतरावर अवलंबून आहे.

माणूस पडतो तो बहुतेक वेळा उतरताना. चढताना पाय अडखळतो, माणूस पुढे झुकतो, हात टेकतो, गुडघा फुटतो आणि बहुधा तेवढ्यावर भागतं. उतरताना मात्र सगळं वजन पुढच्या पावलावर येतं आणि ते पाऊल पायरीच्या अगदी कडेवर पडतं. राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती जिन्याच्या पायरीची किमान रुंदी २५० मिमी सांगितली आहे. आठ नंबरची चप्पल साधारण २७० मिमी भरते. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या जिन्यावरही उतरताना चपलेचा पुढचा भाग थोडा हवेत असतो आणि चवड्याखालचा भाग नेमका कडेवर टेकतो. घसरण होते ती त्या शेवटच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये. पायरीचा मागचा भाग आरशासारखा असला तरी त्यावर उतरणाऱ्याचा फारसा भार पडत नाही.

आता तुमच्या ग्रॅनाइटकडे बघा. पुढची कड गोल घासलेली असेल, तिला आपल्याकडे हाफ राउंड किंवा फुल राउंड मोल्डिंग म्हणतात. ते हाताला छान लागतं आणि फोटोत छान दिसतं. त्यामागे चार सेंटिमीटर सोडून तीन खाचा असतील. म्हणजे जिथे पाय टेकतो तो भाग सर्वांत गुळगुळीत, उताराचा आणि पॉलिश केलेला, तर खाचा त्याच्या मागे. पाणी असताना चप्पल त्या गोलाईवरून सुटते तेव्हा खाचा चवड्याच्या मागे असतात, चवड्याखाली नसतात. शिवाय वर्ष-दोन वर्षांत त्या धूळ आणि साबणाच्या पाण्याने भरतात. आणखी खाचा मारल्या तर वेगळाच धोका आहे. १८ किंवा २० मिमी जाडीचा दगड, त्याची कड खालच्या उभ्या फळीच्या पुढे आलेली, आणि त्या अधांतरी भागात तीन-चार मिमी खोल चिरा. एखाद्या दिवशी गॅसचा सिलिंडर कडेवर आपटला की तुकडा हातात येतो. म्हणून म्हटलं, ते कोटेशन बाजूला ठेवा.

पट्टी काठापासून दोन इंच मागे लावण्याची पद्धत सर्रास आहे. कारण विचारलं तर मिस्त्री सांगतो, मोल्डिंगवर टेप धरत नाही. ते खरं आहे. पण मागे लावलेली पट्टी डोळ्यालाही फसवते. वरून बघणारा पिवळी रेघ हीच कड समजतो आणि पाय त्या हिशेबाने टाकतो. पट्टीची पुढची बाजू जिथे सपाट भाग संपून गोलाई सुरू होते तिथेच यायला हवी, त्यामागे नाही. आणि उरलेल्या सेंटिमीटरभर गोलाईचं पॉलिश काढायचं.

पॉलिश काढायचं म्हणजे काय? ग्राइंडरला जाड दाण्याची दगड घासायची चकती लावून मोल्डिंगची चमक पूर्ण मारायची, किंवा टोचे मारणारं यंत्र फिरवून कड बारीक खडबडीत करायची. पूर्वी घरोघरी पाटा-वरवंट्याला टाकी लावणारे यायचे. हे तेच काम आहे, फक्त हातातल्या छिन्नीच्या जागी मशीन आलं. काळ्या पाषाणाच्या पायऱ्यांवर पाथरवट टाकीचे घाव ठेवायचे. ते घाव पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी झिजले की काय होतं, ते जेजुरीचा गड चढलेल्यांना सांगायला नको. तिथे वर भंडाऱ्याची पूडही असते. दगड कितीही कठीण असो, वावराने तो गुळगुळीत होणारच. म्हणून टाकी पुन्हा पुन्हा लावावी लागते, आणि तुमच्या ग्रॅनाइटचीही कड काही वर्षांनी परत घासावी लागेल. कमिटीला हे आधीच सांगून ठेवा.

घासताना ग्रॅनाइट आणि कोटा यांत फरक करा. कोटा, शहाबादी आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड, ग्रॅनाइटच्या मानाने मऊ. ते लवकर खडबडीत होतात आणि लवकर झिजतातही. त्यांच्यावर कुणी ॲसिड टाकून 'अँटी-स्किड' करून देतो म्हणाला तर नको म्हणा. दगड डागाळतो आणि सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं. ग्रॅनाइट आणि सिरॅमिकसाठी बाजारात मिळणाऱ्या घसरणरोधक रसायनांपैकी काहींत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते कातडीतून आत शिरतं आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही. राहत्या इमारतीच्या जिन्यावर, साधे हातमोजे घातलेल्या मजुराकडून ते काम मी करून घेणार नाही. तुम्हीही घेऊ नका.

आता टेप की ॲल्युमिनियम. सगळ्या जिन्याला एकच उपाय करायची गरज नाही, आणि तुमच्याकडे तर तो करूच नये असं माझं मत आहे.

तळमजल्यावरून वर जाणाऱ्या पहिल्या टप्प्यावर बाहेरचं पाणी येतं. छत्र्या टपकतात, रेनकोट झटकले जातात, चपलांचा चिखल तिथेच उतरतो. त्या दहा पायऱ्यांवर टेपची कड पहिल्याच पावसाळ्यात उचलली जाऊ शकते. तिथे स्क्रूने बसणारी पट्टी घ्या: ॲल्युमिनियमची, आत कार्बोरंडमचा (सँडपेपरवर असतो तसल्या कठीण दाण्यांचा) भराव असलेली, किंवा फायबरग्लासची. ॲल्युमिनियमच्या नुसत्या रेघा पाडलेल्या पट्ट्या स्वस्त मिळतात. ओल्या रबरी तळव्याखाली त्यांचा उपयोग बेताचाच, आणि झिजल्यावर त्या स्वतःच चकचकीत होतात. पट्टीत भराव हवाच. मोल्डिंगवरून खाली वळणारी एल आकाराची पट्टी घेतली तर गोलाई झाकली जाते, पण आत पोकळी राहते. ती इपॉक्सीच्या मसाल्याने भरून घ्या, नाहीतर पट्टी चेपते, वाजायला लागते आणि स्क्रू ढिले होतात.

ग्रॅनाइटला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, डायमंडचं बिट लावायचं, पाणी मारत सावकाश जायचं. काठाच्या फार जवळ भोक नको. स्क्रूचं डोकं पट्टीत पूर्ण बुडलं पाहिजे. वर राहिलेल्या डोक्यावर अनवाणी पाय एकदा पडला की पुढे सांगायला नको. भोक पाडण्याआधी प्रत्येक पायरी हातोडीच्या दांड्याने वाजवून बघा. पोकळ वाजली तर तो दगड खालच्या मसाल्यावरून सुटलेला आहे, आधी तो बसवा. हलणाऱ्या पायरीवर कुठलीच पट्टी टिकत नाही.

जाडीचा मुद्दा कोटेशनमध्ये कधीच नसतो. टेप मिलिमीटरभर जाड असते, तिची कुणाला अडचण होत नाही. ॲल्युमिनियमची पट्टी चार-पाच मिमी उचलते. तिची मागची बाजू उतरती असली पाहिजे, उभी धार नको, नाहीतर चढताना अंगठा अडकतो. आणि लँडिंगच्या कडेलाही तीच पट्टी लागली पाहिजे. पायऱ्यांना लावली आणि लँडिंगला सोडली की शेवटची उंची बाकीच्यांपेक्षा पाच मिमी कमी होते. पाच मिमी म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण पायाला दोन-तीन पायऱ्यांत उंचीची सवय होते आणि पुढे डोकं बघतच नाही. अमेरिकन बांधकाम संहिता एका टप्प्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत जास्तीत जास्त ९.५ मिमी फरक चालवून घेते. आपल्याकडे फरशी बदलताना तळाच्या आणि वरच्या पायरीत इंच-दीड इंचाचा फरक सहज राहतो. तुमच्या जिन्यावर कोटा काढून ग्रॅनाइट बसवला आहे, म्हणून प्रत्येक पायरीची उंची मोजपट्टीने मोजा आणि कागदावर लिहा. तळाची पहिली किंवा वरची शेवटची पायरी वेगळी निघाली तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही. काकू कुठल्या पायरीवर पडल्या तेही विचारा. टप्प्याच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या दोन-तीन पायऱ्या ही पडण्याची नेहमीची जागा. उंची चुकलेली असेल तर पट्टीने ती सुधारत नाही. ती पायरी उखडून पुन्हा बसवावी लागते.

वरच्या मजल्यांवर, जिथे पाऊस पोचत नाही, टेप पुरते. ५० मिमी रुंद घ्या, २५ नको. हिशेब असा: तीन मजले, मजल्याला दोन टप्पे, टप्प्याला लँडिंगची कड धरून दहा कडा, म्हणजे एकूण ६०. पहिल्या टप्प्याच्या दहा वजा केल्या की ५० उरतात. जिना १२०० मिमी रुंद असेल तर दोन्ही बाजूंना ५० मिमी सोडून तुकडा ११०० मिमीचा. १८ मीटरच्या एका रोलमधून असे १६ तुकडे निघतात, म्हणजे ५० कडांना चार रोल लागतील आणि दुरुस्तीपुरते तुकडे हाताशी राहतील. तुमच्या पायऱ्या मोजून आकडे बदला. कोटेशनवाल्याने 'लमसम' लिहिलं असेल तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

टेप उचलली जाते ती बहुतेक वेळा टेपच्या दर्जामुळे नाही, तर खालच्या दगडामुळे. पॉलिशचं मेण, फिनाईलचा थर, वर्षानुवर्षांचं साबणाचं पाणी, यांच्यावर गोंद धरत नाही. आधी डिटर्जंटने घासा, साध्या पाण्याने दोनदा धुवा, पूर्ण दिवस वाळू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रॉकेल किंवा थिनरने पुसू नका, तेलकट पापुद्रा राहतो. तुकड्याचे चारही कोपरे कात्रीने गोल करा, कारण उचलण्याची सुरुवात टोकदार कोपऱ्यापासून होते. मधून बाहेर रबरी रोलरने दाबत जा. दोन दगडांच्या सांध्यावरून टेप नेऊ नका, सांध्याशी कापून दोन तुकडे लावा. कडेने सीलंटची बारीक रेघ ओढली तर पोछ्याचं पाणी आत जात नाही. आणि चोवीस तास पाणी नाही. हे चोवीस तास पाळले जात नाहीत, कारण सकाळी सातला झाडलोट करणारी बाई बादली घेऊन येते आणि तिला कुणी सांगितलेलं नसतं. आदल्या संध्याकाळी तिला समोर भेटून सांगा. नोटीस बोर्डाच्या भरवशावर राहू नका.

टेपच्या दाण्याबद्दल. बाहेरच्या देशांतले सल्ले बुटातल्या पायांसाठी असतात. आपण शेजारी अनवाणी जातो, गच्चीवर कपडे वाळत घालायला अनवाणी जातो, मुलं पायऱ्यांवर बसून खेळतात. जाड दाण्याच्या टेपवर मुलाचा गुडघा सोलवटतो, साडीच्या फॉलचा दोरा अडकतो. आणि पाय टोचतात म्हणून माणसं पट्टी चुकवून पुढे पाय टाकायला लागतात, म्हणजे पुन्हा कडेच्या बाहेर. गच्चीकडे जाणारा टप्पा अनवाणी वावराचा असेल तर तिथे दाणे नसलेली, रबरासारख्या उठावाची टेप लावा. पकड थोडी कमी, पण लोक तिच्यावर पाय ठेवतात. बाकी ठिकाणी मध्यम दाणा.

फरशीचा दुकानदार 'आर नाइन' म्हणून अँटी-स्किड टाइल खपवायला बघेल, तेव्हा एवढं लक्षात असू द्या. आर ९ ते आर १३ ही जर्मन पद्धतीची प्रतवारी आहे. तेल लावलेल्या उतारावर बूट घालून माणूस चालतो, आणि किती अंशांपर्यंत टिकतो ते बघतात. आर ९ ही त्यातली सर्वांत खालची पायरी, सहा ते दहा अंशांची. अनवाणी पायांसाठी वेगळी चाचणी असते, तिला ए, बी, सी असे वर्ग आहेत. ओल्या फरशीसाठी पेंड्युलमची चाचणीही असते. तिच्यात ३६ किंवा जास्त आकडा आला तर घसरण्याचा धोका कमी धरतात. सोसायटीने हे सगळं करून घ्यावं असं मी म्हणत नाही. एका टप्प्यावर नमुन्याची पट्टी लावून घ्या, बादलीभर पाणी ओता, झिजलेली हवाई चप्पल घाला, कठडा धरून उभे राहा आणि कडेवर पाऊल पुढे ढकलून बघा. नवीन स्पोर्ट्स शूज घालून ही परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

रंगाचा विषय कमिटीत 'शोभा' या मुद्द्यावर अडतो. काळ्या ग्रॅनाइटवर काळी टेप म्हणजे अर्धे पैसे पाण्यात. पायरी काळी, उभी बाजूही काळी, वरून बघितलं की सगळा जिना एकच काळा पत्रा दिसतो. कड कुठे संपते ते तरुण डोळ्यालाही कळत नाही. मोतीबिंदू असेल किंवा दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर खाली बघताना भिंगाचा वाचनाचा भाग आडवा येतो आणि पायरी धूसर होते. काहीजण उभ्या बाजूला पांढरी टाइल लावून समाधान मानतात. ती चढणाऱ्याला दिसते, उतरणाऱ्याला नाही. ब्रिटिश मानकात कडेचा ठसठशीत रंग वरच्या बाजूला ५० ते ६५ मिमी आणि उभ्या बाजूला ३० ते ५५ मिमी असावा असं आहे. तुम्ही निदान वरचा पाळा. पिवळा आवडत नसेल तर फिकट राखाडी किंवा मळकट पांढरा घ्या, काळ्यावर तोही उठून दिसतो. क्रीम मार्बल असता तर गडद तपकिरी म्हटलं असतं. पायरीला एकच पट्टी हवी. एकामागे एक तीन लावल्या की कड कोणती हाच घोळ होतो. आणि पहिल्या टप्प्याची ॲल्युमिनियम पट्टी आणि वरची टेप एकाच रंगाची घ्या.

पट्टीला जोड म्हणून कठड्याचं बघा. तुमच्याकडे वर रुंद ग्रॅनाइट बसवलेली बुटकी भिंत असेल, तर तिच्यावर हात टेकतो पण मूठ वळत नाही. पाय सुटल्यावर मुठीत धरता येईल असा ३२ ते ५० मिमी व्यासाचा पाइप हवा, भिंतीच्या बाजूलाही, आणि तो शेवटच्या पायरीच्या थोडा पुढपर्यंत. अर्ध्या वयस्करांचा डावा किंवा उजवा हात दुखरा असतोच. एकाच बाजूला कठडा म्हणजे एक वेळ चढताना, नाहीतर उतरताना आधार नाही. पैसे कमी पडत असतील तर वरच्या दोन मजल्यांची टेप पुढच्या वर्षावर ढकला, पण दुसरा कठडा याच वर्षी बसवा. लँडिंगचा दिवा गेलेला असेल तर तो आजच बदला, त्याला सभेचा ठराव लागत नाही.

मग राहतो रोजचा वापर. पायपुसणी पायरीच्या कडेपासून लांब, दाराच्या आत घ्यायला सांगा. जिना दुपारी, लोकांची ये-जा कमी असताना धुवा, एका वेळी एकच टप्पा, आणि लगेच वायपर फिरवा. रांगोळीची कोरडी भुकटी गुळगुळीत दगडावर पाण्याइतकीच घसरवते. दिवाळीत प्रत्येक पायरीच्या टोकाला पणती ठेवायची हौस असते. रात्री तेल सांडतं आणि सकाळी अंधारात दूधवाला त्यावरून येतो. पणत्या भिंतीच्या कडेला ठेवा, कोपऱ्यात, चालायच्या रेषेत नको.

हाच प्रश्न वेगळ्या जिन्यांच्या बाबतीतही विचारला जातो, म्हणून दोन शब्द. कोकणातल्या पाखाडीला, म्हणजे पायऱ्यांच्या दगडी वाटेला, आणि जांभ्याच्या पायऱ्यांना टेप लावू नका; जांभा सच्छिद्र, ओलावा धरणारा, गोंद टिकत नाही. तिथे शत्रू शेवाळ आहे. पावसाळ्यात ब्लीचिंग पावडर आणि तारेचा ब्रश, वरच्या फांद्या छाटून थोडं ऊन, आणि फार झिजलेल्या पायरीला काँक्रीटची खरखरीत कड ओतणं, हेच चालतं. गोव्यातल्या जुन्या घरांच्या लाल कोब्याच्या पायऱ्या ओल्या झाल्या की फसव्या. त्यांची घोटलेली कड घासून खरखरीत करावी, वर मेणाचं पॉलिश मारू नये. चाळीतल्या आणि वाड्यातल्या लाकडी जिन्याची कड मधोमध खोलगट झिजलेली असते. तिच्यावर थेट पट्टी ठोकली तर मधे हवा राहते आणि खिळे वर येतात. आधी सुताराकडून कड तासून लाकडाचा तुकडा जोडून घ्या, मग पट्टी.

तुमच्या कामाचा क्रम असा ठेवा: पायऱ्यांची उंची मोजणं, पोकळ दगड बसवणं, मोल्डिंगची चमक काढणं, कठडा, आणि शेवटी पट्ट्या. कड घासल्यावर उडणारी दगडाची भुकटी फुप्फुसात जायला नको म्हणून पाणी मारत घासायला आणि मास्क लावायला सांगा. दुपारच्या वेळी एका बाजूने जायला वाट ठेवा. हे सगळं मे संपायच्या आत व्हायला हवं, दमट हवेत टेपचा गोंद नीट धरत नाही. कोटेशनवर हाताने लिहून घ्या: पट्टी सपाट भागाच्या पुढच्या टोकापासून सुरू, लँडिंगच्या कडा धरून, रंग ठरलेला, स्क्रू बुडवलेले. आणि बिलाची थोडी रक्कम गणपतीपर्यंत हातात ठेवा. तोवर पाऊस अर्ध्याहून अधिक होऊन गेलेला असतो. उचललेला कोपरा, ढिला स्क्रू काय असेल ते तळमजल्याच्या पहिल्या पाच पायऱ्यांवर आधी दिसेल, तपासणी तिथून सुरू करा.